काचबिंदू संशोधनातील नेत्रपेशी-प्रतिमाने

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि गेलेली नजर परत येत नाही. गाठ आली तर तिचा तुकडा काढून तपासता येतो. जिवंत माणसाच्या दृष्टिचेतेचा तसा तुकडा घेता येत नाही. म्हणून या रोगात बिघडणाऱ्या मानवी पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर रोगाचा आणि औषधांचा अभ्यास करतात. अशा पेशींना, किंवा त्यांपासून घडवलेल्या ऊतींना, नेत्रपेशी-प्रतिमाने म्हणतात.

सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची प्रतिमाने डोळ्याच्या पुढच्या भागातील ट्रॅबेक्युलर मेशवर्क या जाळीची आहेत. डोळ्यात सतत तयार होणारे पाणी मुख्यतः या जाळीतून बाहेर पडते. निचरा अडला की दाब चढतो. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते २१ मिमी पारा असतो. जाळीच्या पेशी मिळतात नेत्रदानातून. बुबुळाच्या रोपणात मधली पारदर्शक चकती वापरली जाते आणि भोवतालची पांढरी कडा उरते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कडेच्या आतल्या अंगाला जाळीचा फिकट तपकिरी पट्टा दिसतो. तो बारीक चिमट्याने अलगद सोलून पोषक द्रवात ठेवला की काही दिवसांनी त्यातून पेशी बाहेर सरकू लागतात.

या पेशी जाळीच्याच आहेत ना, हे पाहण्याची कसोटी २०१८ मध्ये संशोधकांनी एकमताने सुचवली. पेशींना आठवडाभर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचे. खऱ्या जाळीपेशी मायोसिलिन हे प्रथिन भरपूर बनवू लागतात. मायोसिलिनच्या जनुकाचा काचबिंदूशी असलेला संबंध १९९७ मध्ये उघड झाला होता. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या वाचकाने हा प्रयोग आवर्जून लक्षात ठेवावा. धुळीने, अॅलर्जीने डोळे लाल झाले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणारे लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांतल्या काहींच्या डोळ्यांचा दाब या थेंबांनीच चढतो.

काचबिंदूच्या डोळ्यातली जाळी निरोगी जाळीपेक्षा सुमारे २० पट कडक असल्याचे २०११ मध्ये मोजले गेले. पेशी वाढवायची प्लास्टिकची ताटली तर दोन्हींपेक्षा कितीतरी कडक. त्यामुळे आता पेशी मऊ जेलवर वाढवतात. रो-कायनेज हे विकर (एन्झाइम) रोखले की संवर्धनातल्या जाळीपेशी सैलावतात. डोळ्यात त्याच परिणामाने निचरा वाढतो. हे विकर रोखणारे नेटारसुडिल हे औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाले.

दुसरा प्रकार दृष्टिपटलातील गँगलिऑन पेशींचा. एका डोळ्यात त्या सुमारे १० ते १२ लाख असतात आणि काचबिंदूत मरतात त्या याच. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी बहुक्षम, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या, अवस्थेत परत नेल्या, तेव्हापासून रुग्णाच्या त्वचेतून किंवा रक्तातून या पेशी घडवता येऊ लागल्या. जपानमधल्याच योशिकी सासाई यांच्या गटाने २०११ मध्ये उंदराच्या मूळपेशींतून डोळ्याच्या पेल्यासारखी रचना आपोआप उभी राहते हे दाखवले. अशा चिमुकल्या ऊतीगोळ्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. ऑप्टिन्यूरिन जनुकातील ई५०के हा बदल असलेल्या लोकांना दाब सामान्य असतानाही काचबिंदू होतो. त्यांच्या पेशी आणि क्रिस्पर या जनुक-कात्रीने तेवढाच बदल दुरुस्त केलेल्या त्यांच्याच पेशी शेजारी ठेवून पाहता येतात, हे या पद्धतीचे मोठे बळ.

मर्यादाही ठळक आहेत. या ऊतीगोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात, पेशींच्या तंतूंना पोहोचायला मेंदू नसतो, आणि गँगलिऑन पेशी काही महिन्यांत आपोआप मरू लागतात. रोग बहुधा चाळिशीनंतरचा, तर घडवलेली पेशी गर्भातल्यासारखी कोवळी. ताटलीत पेशी वाचवणारे औषध म्हणजे काचबिंदूवरचा उपचार नव्हे. तसा उपचार हाती येईपर्यंत दाब उतरवणारे थेंब चुकवू नयेत.

भारतात २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशी व ऑर्गनॉइडवरील चाचण्यांना जागा मिळाली. पेशीसंवर्धनाचे हात ठाणे-बेलापूर पट्ट्यात आहेतच: रबाळ्यात रिलायन्स लाइफ सायन्सेस, खारघरला कर्करोगावर काम करणारे अॅक्ट्रेक. कच्चा माल मात्र नेत्रपेढीतूनच येणार. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवून पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. रोपणाला न चालणारा डोळाही नातेवाइकांच्या संमतीने संशोधनाला देता येतो.