मे महिन्यात कोंबडी आ करून बसली: ऊन लागलंय की मानमोडी?

एप्रिल लागला की गावच्या ग्रुपवर तोच फोटो फिरतो, चोच उघडी टाकून बसलेली कोंबडी आणि खाली "काय झालं असेल?" मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "कोंबडीले ऊन लागनं भो, पाणी मार." दुसरी म्हणते मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली, आहेत तेवढ्या बाजारात काढून टाक. फोटो किती वाजता काढला हे मात्र एकजण विचारत नाही, आणि निम्मं उत्तर तिथंच असतं.

ऊन काय असतं ते आपल्याकडच्या माणसाला शिकवायला नको, भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा आपलीच जीभ बाहेर येते. कोंबडीला घाम येत नाही, अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर, त्यामुळे ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून सुटे धरते आणि पाणी ढोसते. पत्र्यावर कडबा नाहीतर केळीची पानं, बाजूला ओलं बारदान, माठातलं पाणी सावलीत, भरदुपारी दाणे नाहीत. काळ्या टाकीतून पाईपने आलेलं कढत पाणी दुपारी समोर ठेवणाऱ्याला काय म्हणावं मला कळत नाही.

आता गोंधळ कुठं होतो ते बघा. मानमोडी हा विषाणूचा रोग. लक्षणं नेटवर शोधली तर येतं: चोच उघडी, श्वास लागणं, खाणं कमी, पातळ शीट, अंडी कमी, कवच पातळ. अहो, ही सगळी उन्हातही होतात! पाणी जास्त पिली की शीट पातळ होणारच. सारखी धाप लागली की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्ताचं संतुलन बिघडतं, कवचाला कॅल्शियम कमी पडतं आणि अंडं हातात घेतलं की दबतं. म्हणून ती यादी वाचून निदान करणं बंद करा, मेमध्ये ती यादी काही कामाची नाही.

कामाची गोष्ट एकच, पहाटे खुराड्यापाशी जाऊन उभं राहा. रात्री दहाला नको, तेव्हा पत्रा अजून तापलेला असतो आणि धडधाकट कोंबडीसुद्धा धापत असते. पाच-साडेपाचला, हवा जरा निवल्यावर. ऊन लागलेली कोंबडी एव्हाना चोच मिटून बसलेली असते, दार उघडलं की दाण्यावर तुटून पडते, दुपारचा उपास भरून काढते. मानमोडीवाली पहाटेही आ करूनच असते, मान पुढे ताणून, आणि दाण्याकडे बघत पण नाही. त्याच शांततेत कान द्या. उन्हाची धाप भरभर असते पण बहुतेक बिनआवाजाची, रोगात घरघर ऐकू येते, मधेच शिंकल्यासारखा झटका, चोचीतून चिकट लाळ. दिवसा गल्लीतल्या गोंगाटात हे ऐकू येत नाही म्हणून तर पहाट.

मग खाली बघा. उन्हाची शीट पाण्यासारखी पण रंग रोजचाच, मानमोडीत हिरवट-पांढरी, शेपटीखालची पिसं चिकटलेली. आणि मेल्या कोणत्या तेही बघा. ऊन जड, चरबीवाल्या आणि अंड्यावरच्या कोंबड्या आधी नेतं, तेही दुपारनंतर. काटक गावरान बऱ्याचदा तरून जाते. रोगाला वजनाशी देणंघेणं नाही, पिल्लंही जातात, रात्रीही जातात, आभाळ येऊन हवा गार झाली तरी मर थांबत नाही आणि दोन दिवसांत शेजारच्या वाड्यातूनही तीच बातमी येते.

मान वाकडी होईपर्यंत वाट बघणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मान पिळणं, पंख-पाय लुळे पडणं हे बरेचदा उशिरा दिसतं, जोराच्या साथीत तर कोंबड्या त्याआधीच मरतात.

पहाटेचं चित्र रोगाचं दिसलं तर आजारी कोंबड्या वेगळ्या काढा आणि गुरांच्या डॉक्टरला फोन करा, कारण विषाणूवर अँटीबायोटिक चालत नाही, दुकानदार कितीही रंगीत पुडी देवो. हळद-लसूण द्या हवं तर, पण इलाज झाला म्हणू नका. मेलेली चुना टाकून खोल पुरा, नाल्यात फेकू नका. आणि एकदम खूप मेल्या तर "ऊन हाय" म्हणून गप्प बसू नका, अचानक मर बर्ड फ्लूचीही असू शकते आणि देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. २०२१ ला पुन्हा तिथंच. गिऱ्हाईक मिळतंय म्हणून आजारी कोंबडी बाजाराला नेणारा माणूस साथ पायाने चालवत नेतो, मग शिव्या उन्हाला.

मानमोडीवर लस आहे आणि स्वस्त आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा नावाच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, साधारण आठव्या आठवड्यात आरटूबी या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन, मधला बूस्टर डॉक्टर सांगेल तसा. बाटली शंभर डोसची येते म्हणून दहा कोंबड्यांवाला घेत नाही, तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकाच सकाळी करा, तसंही एकट्याच्या कोंबड्यांना टोचून शेजारचा कोंबडा मोकाट असला तर फायदा अर्धाच. आजारी दिसायला लागल्यावर टोचून उपयोग नाही, निरोगी असतानाच आणि उन्हाळा पेटायच्या आधी. ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, गाडीच्या डिकीत टाकून भरदुपारी तालुक्याहून आणली तर गावात येईस्तोवर मेलेली असते. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणायची, पहाटे गार वेळेला द्यायची, फोडलेली बाटली तासा-दोन तासात संपवायची, उरलेली फ्रीजमध्ये उद्यासाठी ठेवायची नाही.