आंतरराष्ट्रीय व्यवसायातील सांस्कृतिक भिन्नता

एकाहून अधिक देशांत चालणाऱ्या व्यवसायात निरनिराळ्या समाजांत वाढलेल्या माणसांना एकत्र काम करावे लागते. वरिष्ठांशी कसे बोलायचे, उशीर कशाला म्हणायचे, शब्द दिला म्हणजे नेमके काय दिले, चूक झाली तर ती कोणासमोर सांगायची, याविषयीच्या समजुती प्रत्येकाच्या अंगी लहानपणापासून मुरलेल्या असतात. या समजुतींतील फरकांमुळे वाटाघाटी, करार, नेमणुका, नेतृत्व आणि विक्री यांवर जो परिणाम होतो, त्याचा अभ्यास व्यवस्थापनशास्त्राची एक शाखा करते. पोशाख, अभिवादन, भेटवस्तू यांचे शिष्टाचार आठवडाभरात शिकता येतात. खरी अडचण होते ती, आपलीही एक रीतच आहे हे ज्याच्या ध्यानातच आलेले नसते त्याची. आपले वागणे त्याला सरळ व्यवहार वाटतो आणि समोरच्याचे वागणे आडवळणी.

साधा ‘हो’ घ्या. जपानी माणूस समोरच्याचे बोलणे ऐकताना वरचेवर ‘हाय’ म्हणतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘हो’ असला, तरी बैठकीत तो बहुधा गोष्ट ऐकताना भरलेल्या हुंकारासारखा असतो: ऐकतोय, पुढे बोला. प्रस्तावावर ‘विचार करू’ असे उत्तर आले आणि पाठोपाठ शांतता पसरली, तर तो पुष्कळदा नम्र नकार असतो. रोखठोक बोलण्याची सवय असलेला परदेशी विक्रेता मात्र आपल्या कार्यालयाला ‘काम जवळजवळ झाले’ असे कळवतो, महिनाभर वाट पाहतो आणि शेवटी फसवणूक झाली म्हणून चिडतो. नकार त्याला पहिल्याच दिवशी मिळालेला असतो.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल (१९१४–२००९) यांनी या फरकाला ‘उच्च-संदर्भ’ आणि ‘अल्प-संदर्भ’ संवाद अशी नावे दिली. पहिल्या प्रकारात बराचसा अर्थ नाते, प्रसंग आणि न बोललेल्या गोष्टींत असतो. दुसऱ्यात तो शब्दांतच मांडावा लागतो, म्हणून करारही जाडजूड होतात. वेळेबाबतही त्यांनी असाच भेद दाखवला. काही समाज एका वेळी एकच काम हाती घेतात आणि वेळापत्रक पाळतात. काही समाजांत अनेक कामे एकाच वेळी चालू असतात आणि दारात आलेला माणूस घड्याळापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

निर्णय कसा होतो, याबाबतचे गैरसमज सर्वांत महागात पडतात. जपानी कंपन्यांच्या पारंपरिक ‘रिंगी’ पद्धतीत प्रस्तावाचा कागद खालच्या किंवा मधल्या पातळीवर तयार होतो, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि संबंधित अधिकारी त्यावर एकेक करून आपला शिक्का उमटवतात. त्याच्याही आधी ‘नेमावाशी’ झालेली असते. हा मुळात बागकामातला शब्द आहे: झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवतीची माती खणून मुळे तयार करणे. प्रत्येकाशी आधीच खाजगीत बोलणे झालेले असल्यामुळे औपचारिक बैठकीत बहुधा ठरलेली गोष्टच जाहीर होते. भर बैठकीत मुद्देसूद भाषण करून मने वळवण्याच्या तयारीने आलेला भागीदार कितीही बिनतोड बोलला, तरी त्याला यायला उशीरच झालेला असतो. या पद्धतीला संथ म्हणणे अर्धवट आहे. निर्णयाला वेळ लागतो, पण अंमलबजावणीच्या वेळी कोणाची समजूत काढायची उरलेली नसते.

या फरकांचे मोजमाप करण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड (१९२८–२०२०) यांचा. आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून त्यांनी १९८० मध्ये चार परिमाणे मांडली. पुढे त्यांत आणखी दोन आली. त्यांपैकी ‘सत्ता-अंतर’ रोजच्या कामात सर्वांत लवकर जाणवते. अधिकाराची विषमता खालच्या माणसाला किती स्वाभाविक वाटते, याचे ते माप आहे. डेन्मार्कमध्ये ते फार कमी निघाले, तर मलेशियात फार जास्त. ‘तुम्हाला काय वाटते?’ हा मॅनेजरचा प्रश्न एके ठिकाणी आदराचा वाटतो, तर दुसरीकडे ‘साहेबांनाच माहीत नाही की काय?’ अशी शंका उत्पन्न करतो.

एकाच कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्ख्या देशाची संस्कृती ठरवता येत नाही, असा आक्षेप अभ्यासक ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये घेतला, आणि तो रास्त आहे. शिवाय देशाची सरासरी समोर बसलेल्या माणसाला लावणे ही सरळ चूक आहे, आणि खुद्द हॉफस्टेड यांनीही तसा इशारा दिला होता. तरीही प्रशिक्षणवर्गांत हे आकडे पत्रिकेतल्या ग्रहांसारखे वापरले जातात. ६२ समाजांतील सुमारे १७,००० मॅनेजरांची मते घेणाऱ्या ‘ग्लोब’ प्रकल्पाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. प्रामाणिक आणि विश्वासू नेता सगळीकडेच हवा असतो, हा त्यांतला निष्कर्ष भेदांच्या चर्चेत नेहमी मागे पडतो.

अपयशाचे सगळे खापर संस्कृतीवर फोडण्याचीही सवय आहे. वॉलमार्टने १९९७ मध्ये जर्मनीत प्रवेश केला आणि २००६ मध्ये काढता पाय घेतला. अनोळखी ग्राहकाकडे पाहून हसण्याची अमेरिकी सक्ती तिथे अनेकांना खटकली. कर्मचाऱ्यांच्या खाजगी संबंधांवर बंधने घालणाऱ्या आचारसंहितेचे काही भाग न्यायालयाने रद्द केले. पण आल्डी आणि लिडल या तिथल्याच दुकानसाखळ्यांची स्वस्ताई आणि किरकोळ विक्रीवरचे कडक नियम यांचा वाटाही मोठा होता.

माणसे आपली कामाची रीत बदलू शकतात, याचे उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे घडले. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘नुम्मी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला तेव्हा कामगार बहुतेक जुनेच होते आणि संघटनाही तीच. पूर्वी गाड्या जोडण्याची लाइन थांबवणे हा जवळजवळ गुन्हा मानला जाई. आता कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. बोल्ट नीट बसला नाही की ती ओढायची. दिवा लागे, गटप्रमुख लगेच येई आणि कोणाची चूक हे न विचारता काय अडले ते पाही. वेळेत दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबे. शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले गेले. वीस टक्क्यांपर्यंत जाणारी गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली. व्यक्तिवादी अमेरिकी कामगाराला गटात काम जमणार नाही, ही भीती खोटी ठरली. आपल्या इतर कारखान्यांत हीच पद्धत नेताना मात्र जनरल मोटर्सला फार झगडावे लागले. दोरी बसवणे सोपे होते, पण ती ओढणाऱ्यावर न ओरडणारा वरिष्ठ घडवणे अवघड होते.

स्वीडनमधील उप्साला येथील संशोधक योहानसन आणि वाल्ने यांनी १९७७ मध्ये मांडले, की कंपन्या आधी ‘मानसिक अंतर’ कमी असलेल्या, म्हणजे ओळखीच्या वाटणाऱ्या देशांत जातात आणि मग दूरच्या. हे पटण्यासारखे आहे, पण जवळच्या देशात यश मिळेलच असे नाही. अमेरिकेत दुकाने काढणाऱ्या कॅनडाच्या अनेक किरकोळ विक्री कंपन्या तिथे अपयशी ठरल्या. भाषा एक, सीमा लागून, दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रमही तेच, म्हणून त्यांनी अमेरिकी ग्राहकाचा आणि स्पर्धेचा वेगळा अभ्यास केला नव्हता.