मागावरचा टॉवेल आणि रिक्षावाल्याची कमाई

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत विणलेला टॉवेल दुबईला गेला काय आणि पुण्याला गेला काय, प्रादेशिक अर्थशास्त्राच्या हिशेबात दोन्ही निर्यातच. इथे सीमा देशाची नाही, सोलापूरची धरायची.

बाहेरून आलेला पैसा शहरात काय करतो, हे पाहायचं तर माग चालवणाऱ्याच्या आठवड्याच्या पगारामागे जावं लागतं. समजा, 100 रुपयांतले 40 इथेच खर्च झाले: रिक्षा, भाजी, मुलांची शिकवणी. उरलेले मोबाइलच्या रिचार्जपायी, पेट्रोलपायी शहराबाहेर गेले. रिक्षावाल्यानेही तसंच केलं, तर पुढे 16 रुपये सरकतात, मग 6 रुपये 40 पैसे. साखळी विरत जाते, तरी एकूण बेरीज साधारण 167 रुपये होते. हाच तो ‘गुणक’. इथे टिकणारा वाटा 60 टक्के झाला, तर तेच 100 रुपये 250 होतात!

म्हणून किती माल गेला यापेक्षा पैसा कुठून निसटतो, हा प्रश्न मला मोठा वाटतो. 1877 साली सुरू झालेल्या सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये सूतही निघायचं आणि कापडही. आज जे सूत बाहेरून येतं, त्याचा पैसा त्या सूतगिरणीच्या गावात चुली पेटवतो. सायझिंग (सुताला खळ लावणं), रंगाई, शिवण आणि पॅकिंग इथे झालं, तर तेवढे हात इथले लागतात.

अमेरिकन शहरांबद्दल अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्ती यांनी 2010 मध्ये मांडलेला आकडा असा: कारखान्यात 1 नोकरी वाढली, की त्याच शहरातल्या सेवांमध्ये सरासरी 1.6 वाढतात. तो सोलापूरला जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथले पगार वेगळे, खर्चाच्या सवयी वेगळ्या.

निर्यात हेच वाढीचं इंजिन, असं अर्थतज्ज्ञ डग्लस नॉर्थ यांनी 1955 मध्ये मांडलं. दुसरे अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबू यांनी पुढच्याच वर्षी हरकत घेतली: अख्खं जग कुणालाच निर्यात करत नाही, तरी त्याचं उत्पन्न वाढतंच ना? हरकत रास्त आहे. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आधी घरच्या ताटात रुजली, मग पाकिटात बसून बाहेरगावी निघाली.

साखळी उलटीही फिरते. ऑर्डर थांबली की मागावरचं काम जातं, ते लगेच दिसतं. गिऱ्हाईक आटलेल्या चहावाल्याला मात्र वस्त्रोद्योगातला बेरोजगार म्हणून कुणी मोजत नाही.