लाल शेपटीचा फ्लाय माशाला कसा दिसतो

भुसावळला आमच्या गच्चीवर सध्या रोज संध्याकाळी फ्लाय बांधणं चालू असतं, म्हणजे गळावर दोरा, लोकर, पिसं गुंडाळून असा किडा बनवायचा की माशाने खरा समजून तोंडात घ्यावा, ना गांडूळ लागत ना कणकेचा गोळा. मागे लाल लोकरीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बांधायचा, अंगाला गळून पडलेल्या मोरपिसाचे तंतू आणि पुढे कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे दोन-तीन वेढे, इंग्लंडमधला जुना रेड टॅग तो हाच. परवा तापीवर एका बाबांनी तो हातात घेऊन विचारलं, "भो, हाई लाल शेपूट कसाले?"

बाबांचं बरोबरच आहे, लाल बुडाचा असा किडा नदीवर कुणी पाहिलाय? पण अशा फ्लायला अट्रॅक्टर म्हणतात, तो कुठल्या एका किड्याची नक्कल करतच नाही, नुसतं लक्ष वेधतो. सगळ्यात गाजलेला रॉयल कोचमन, 1878 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन हेलीने बांधलेला, आणि त्यातला लाल रेशमी पट्टा आला तो मजबुतीसाठी, कारण मोरपिसाचे तंतू माशाच्या दातांनी लवकर तुटतात. मला ही गोष्ट फार आवडते.

आता पाण्यात काय होतं ते बघा. स्वच्छ पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश खातं, पाचेक मीटर खाली तो बराचसा संपलेला असतो आणि लाल लोकर काळपट दिसायला लागते. घरी करून बघायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत फक्त निळा बल्ब लावा आणि लाल लोकर त्याखाली धरा, काळी दिसेल. पावसाळ्यात तापी गढूळ असते तेव्हा मात्र उलटं, गाळात निळा प्रकाश आधी अडतो आणि खाली जो थोडा उजेड पोचतो तो पिवळा-तांबूस, म्हणजे लालला तिथे जरा बरे दिवस, पण एकूण उजेडच हातभर खोलीवर संपतो म्हणून फ्लाय वरच्या पाण्यातच ठेवायचा.

आणि माशाचा डोळा! गोल्डफिशच्या डोळ्यातल्या लाल ओळखणाऱ्या पेशी साधारण 620 नॅनोमीटरच्या, म्हणजे लालसर प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात, आपल्या जवळपास 560 ला, म्हणजे पिवळट-हिरव्याला. गोल्डफिश कार्प कुळातला, आपले रोहू-कटला पण त्याच कुळातले, म्हणून मला वाटतं उथळ पाण्यात लाल रंग त्यांना चांगलाच कळत असणार. दिवस मावळला की रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात, कमी उजेडातल्या पेशी काम करायला लागतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा तीच शेपटी नुसता काळा ठिपका. पण फिकट आकाशाकडे खालून बघणाऱ्या माशाला काळा ठिपका पण उठून दिसतो, त्यामुळे संध्याकाळी लाल वाया गेला असं मी म्हणणार नाही.

लाल म्हणजे खाणंच असंही नाही. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिंबरगेन यांनी स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशावर प्रयोग केले, विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं आणि दुसरा नर म्हणजे ओबडधोबड नकली ठोकळा असला तरी खालून लाल असेल तर त्याच्यावर धावून जातो. खाण्यातलं लाल पण आहे म्हणा, चिखलात राहणाऱ्या ब्लडवर्म अळीत हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन कमी असला तरी ती तगते आणि रंगाने लालभडक. माझी तांदळाएवढी लोकर बहुतेक तीच वाटत असावी.

बाबांना मी हे सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि काठाजवळ बोट दाखवलं. तिथे मरळच्या पिल्लांचा तांबूस पुंजका वरखाली होत होता, खाली आईबाप राखणीला. त्या जागी फ्लाय टाकला असता तर मरळ नक्की धावली असती, आम्ही दोघं रीळ गुंडाळून वरच्या वळणाला गेलो.