मीठ धुऊन जातं, पण संपत नाही

अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘टाका रस्त्यावर भरपूर मीठ, बर्फ वितळला की सगळं धुऊन जाईल.’ धुऊन जातं हे खरं, पण जातं कुठे? रस्त्याकडेच्या जाळीतून शिंगल क्रीक या ओढ्यात, शुद्धीकरण केंद्राचं तोंडही न पाहता. मिठातलं क्लोराइड कुजत नाही, हवेत उडून जात नाही. काही जमिनीत मुरतं आणि भर उन्हाळ्यात भूजलातून पुन्हा ओढ्यात उतरतं. चमचाभर मीठ साधारण 19 लिटर पाणी जलचरांसाठी बिघडवतं, तेही कायमचं! या ओढ्यातलं क्लोराइड घटवण्याचा आराखडा 2007 सालीच मंजूर झाला, तरी हा समज काही जात नाही.

‘जास्त मीठ, जास्त सुरक्षितता’ हेही खोटंच. रस्ता उणे 9 अंशांखाली गेला की साधं मीठ जवळजवळ निकामी होतं. आधी फावड्याने बर्फ काढा. मग पदपथाच्या दहा मोठ्या काँक्रीटच्या फरशांना कॉफीचा एक मग मीठ पुरतं. आणि कोरड्या फरशीवर पायाखाली करकरणारे पांढरे खडे दिसले, तर झाडून डब्यात भरा. पुढच्या बर्फाला तेच चालतात.