विमानभागांचे अचूक यंत्रकाम : उत्पादकता

धातूच्या ठोकळ्यातून विमानाचा भाग कोरताना ठरावीक वेळात किती निर्दोष जॉब (यंत्रावर घडवलेले भाग) हाती येतात, त्यावर या कामाची उत्पादकता मोजतात. पंखाच्या बरगडीसारख्या भागात ठोकळ्याचा ९० टक्क्यांहून अधिक धातू चिपा होऊन जाऊ शकतो. शेवटच्या कटात जॉब बिघडला, तर आधीचे सगळे तास भंगारात जातात.

नागपूरलगत मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या फरशीखालच्या कंपोझिट (तंतू व राळ यांच्या) तुळया बनल्या आहेत. धातूकाम करणारी वर्कशॉप हिंगणा, बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींत आहेत.

उत्पादन वाढवायचे म्हटले की पहिला हात वेगाकडे जातो, आणि तिथेच फसगत होते. वेग आणि टूलचे आयुष्य यांचा संबंध सांगणाऱ्या टेलरच्या समीकरणानुसार कार्बाइड टूलचा कर्तनवेग २० टक्के वाढवला, तर टूलचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. टायटॅनियमचा मिश्रधातू तर उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंपेक्षा सुमारे वीसपट मंद; उष्णता चिपेबरोबर न जाता टूलच्या धारेवर साचते. म्हणून त्याचा वेग मिनिटाला ५०-६० मीटरच्या आसपास ठेवून, कटाची रुंदी कमी व खोली जास्त घेतात आणि कूलंट (थंड करणारा द्रव) जोराच्या दाबाने थेट धारेवर सोडतात.

विदर्भात खरा अडसर उन्हाळ्याचा. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली पारा ४० च्या वर. एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब ४० अंशांना सुमारे ०.४६ मिलिमीटरने लांब भरतो, आणि ड्रॉइंगवरची सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, कित्येकदा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नसते. सकाळी यंत्रात घातलेला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) दुपारी खोटा ठरतो तो यामुळेच. जॉब वातानुकूलित मापनकक्षात काही तास मुरू द्यावा लागतो. तो वेळ वाया गेला असे मानणारा मालक पुढे रिजेक्टमध्ये दामदुपटीने मोजतो.

यंत्र रिकामे उभे राहण्याचा वेळ कमी करणे हा त्यामानाने स्वस्त उपाय. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीत यंत्र चालू असतानाच पुढची टूले मोजून, फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी पकड) जुळवून ठेवतात. पेरणीच्या दिवशी तिफण दुरुस्तीला काढणाऱ्या शेतकऱ्याला गाव हसते. वर्कशॉपमध्ये मात्र हे रोज घडते.

पहिल्या जॉबच्या तपासणीला मंजुरी मिळाल्यावर प्रक्रियेत मोठा बदल केला, तर बाधित मापांची तपासणी पुन्हा करावी लागते. त्यामुळे टूलचा मार्ग, वेग, पकड यांचे प्रयोग त्या मंजुरीआधीच उरकून घेतात.