जुन्या ऱ्हिदम मशीनची बदली: आवाज, ठेका आणि घड्याळ यांचा मागोवा

मुंबईत घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्या अनेकांच्या टेबलावर आजही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे एखादे ऱ्हिदम मशीन, म्हणजे ड्रमचे ठेके आपोआप वाजवणारे यंत्र, असते. त्याची बटणे अडखळू लागली किंवा वीज गेल्यावर साठवलेले ठेके पुसले जाऊ लागले, की ते दुरुस्त करावे, त्याच जातीचे नवे घ्यावे, की सगळे काम संगणकावर न्यावे, हा प्रश्न उभा राहतो. त्यावरची चर्चा बहुधा आवाजापाशी अडते: जुन्याचा आवाज ‘भरीव’, नव्याचा ‘स्वच्छ’, वगैरे. पण या यंत्राचा इतिहास पाहिला, तर त्यात पहिल्यापासून तीन निरनिराळी कामे एकत्र बांधलेली दिसतात: आवाज काढणे, ठेका लक्षात ठेवणे आणि काळ मोजणे. ही तीन कामे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत एकेक करून सुटी होत गेली आहेत. त्यामुळे जुने यंत्र बदलताना नेमके कोणते काम बदलायचे आहे, हे आधी ठरवता येते, आणि माझ्या मते ते ठरवल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

ही तिन्ही कामे पूर्णपणे एकजीव असलेले यंत्र म्हणजे अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये आणलेला ‘साइड मॅन’. लाकडी कपाटात व्हॉल्व्हवर चालणारी ध्वनिमंडले, स्पीकर आणि मोटर होती. मोटरीमुळे फिरणारा भाग ठरावीक संपर्कबिंदूंना स्पर्श करत जाई, आणि ज्या बिंदूला स्पर्श होई, त्याला जोडलेला आवाज वाजे. लय बदलायची म्हणजे मोटरीचा वेग बदलायचा. ठेका मात्र कारखान्यात ठरलेला असे. टोकिओत ताडाशी ओसानाई हे अकॉर्डियनवादक साथीला हे यंत्र घेत असत. त्यांचे त्यावर समाधान होईना, म्हणून त्सुतोमु कातो यांच्यासोबत त्यांनी १९६३ मध्ये ‘डोंका-मॅटिक’ तयार केले, आणि त्यांची केइओ ही कंपनी पुढे कॉर्ग म्हणून ओळखली गेली. त्याच सुमारास इकुतारो काकेहाशी यांची एस टोन कंपनी ‘ऱ्हिदम एस’ बनवू लागली. या पिढीतील यंत्रांत रुंबा, वॉल्ट्झ, बोसा नोवा असे तयार ठेके असत, बटण दाबायचे आणि साथ सुरू. आपल्याकडे रियाजासाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तबल्याची मूळ कल्पना हीच आहे. बेंगळुरूच्या राडेल कंपनीच्या ‘तालमाला’वर आपण ताल निवडतो, लय आणि स्वर जुळवतो, पण ठेका त्या यंत्राने दिलेलाच असतो.

ठेका सर्वात आधी सुटा झाला. काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाका येथे रोलँड कंपनी स्थापन केली आणि १९७८ च्या ‘सीआर-७८’ या यंत्रात मायक्रोप्रोसेसर बसवून वापरणाऱ्याला स्वतःचे ठेके साठवण्याची सोय दिली. १९८० मध्ये आलेल्या ‘टीआर-८०८’ मध्ये सोळा बटणांची ओळ आली: प्रत्येक बटण म्हणजे मात्रेचा एक चतुर्थांश, आणि सोळा बटणे म्हणजे चार मात्रांचे एक आवर्तन. हीच ओळ आजच्या संगणकावरील जवळजवळ प्रत्येक ठेका-प्रणालीत चौकोनांच्या रूपाने दिसते. ८०८ चे सगळे आवाज विद्युत-मंडलातून घडत. मोठ्या ढोलासाठी एका मंडलाला क्षणिक धक्का देऊन विरत जाणारी कंपने मिळवलेली असत, आणि झांजेसाठी सहा चौकोनी तरंग एकत्र मिसळून गाळलेले असत. त्याच वर्षी रॉजर लिन यांच्या ‘एलएम-१’ ने उलटी वाट धरली. खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित नमुने त्यांनी स्मृति-चिपमध्ये साठवले. ८०८ ची किंमत १,१९५ डॉलर होती, तर एलएम-१ ची ४,९९५ डॉलर. एलएम-१ मध्ये मोठी झांज नव्हती, कारण लांब विरणारा आवाज साठवायला लागणारी स्मृती तेव्हा फार महाग होती. बोटाची चूक जवळच्या ठरावीक अंशावर नेऊन बसवण्याची आणि ठेक्याला थोडा झोल (स्विंग) देण्याची सोय लिन यांनीच या यंत्रात आणली. घरी बसून प्रोग्रामिंग करणाऱ्याच्या दृष्टीने मला ही सोय नमुन्यांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ठेका निर्जीव वाटतो तो बहुतेक वेळा आवाजामुळे नाही, तर आघातांमधल्या अंतरांमुळे.

मुंबईचे नाव या इतिहासात इथे येते. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८, रोलँडचेच बेसचे सूर वाजवणारे टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर ही तीन यंत्रे घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोत आकाराला आलेल्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताशी तिचे साम्य ऐकून जगभरचे श्रोते चकित झाले. ८०८ आणि ३०३ ही यंत्रे एका तारेने जोडता येत, आणि एकाचे घड्याळ दुसऱ्याला चालवी. भूपाळी किंवा ललत यांच्या सुरावटीखाली तो ठेका तसूभरही न हलता चालत राहतो, त्यामागे ही यंत्रबद्ध लय आहे.

हे उदाहरण तसे एकांडेच होते. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ऱ्हिदम सेक्शन प्रत्यक्ष बसून वाजवत असे, आणि तबला, ढोलकी, ड्रम, काँगो सगळे हजर असताना यंत्राची गरज फारशी भासत नव्हती. शिवाय १९९१ पूर्वी अशा परदेशी वस्तूंवर जबर आयातशुल्क होते, त्यामुळे सिंगापूर किंवा आखातातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या सामानातून जे येई, तेच हाती लागे. जपानी बाजारपेठेसाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टवर चालणारे असे, आणि आपल्या २३० व्होल्टसाठी लॅमिंग्टन रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणावा लागे.

तिसरे काम, म्हणजे घड्याळ, १९८३ मध्ये सुटे झाले. काकेहाशी आणि अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांनी वाद्यांना एकमेकांशी आणि संगणकाशी जोडणारे मिडी हे समान मानक स्वीकारले. एका मात्रेचे २४ ठोके पाठवणारे मिडीचे घड्याळ आजही तेच आहे, त्यामुळे १९८० च्या दशकातील मशीन आणि आजचा संगणक एकाच लयीत चालू शकतात. रोलँडचा १९८५ चा ‘पॅड-८’, म्हणजे पहिला ऑक्टोपॅड, या बदलाचा थेट परिणाम होता. त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅडवर काठी मारली की मिडीचा संदेश जाई, आणि आवाज दुसऱ्याच यंत्रातून येई. पुढे एसपीडी मालिकेत आवाज आतच आले आणि गणेशोत्सवातील वाद्यवृंदापासून बेंजो पार्टीपर्यंत ऑक्टोपॅड मुंबईच्या कानांत बसला, पण वाजवणे आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या ऑक्टोपॅडनेच दाखवून दिले होते.

घरगुती ध्वनिमुद्रणाची वाट १९७९ मध्ये टॅस्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्राने मोकळी केली. चाळीतल्या किंवा फ्लॅटच्या खोलीत खरा ड्रम सेट लावणे अशक्य असल्याने ऱ्हिदम मशीन या यंत्राचे अपरिहार्य जोडीदार ठरले. त्या काळची एक पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण आजची कित्येकांची अडचण तिथूनच आली आहे. चारपैकी एका ट्रॅकवर ड्रम न भरता फक्त काळदर्शक संकेत भरायचा, उरलेल्या तीन ट्रॅकवर गाणे, गिटार आणि कीबोर्ड घ्यायचे, आणि शेवटच्या मिश्रणाच्या वेळी कॅसेटवरील संकेताने मशीन चालवून त्याचा आवाज थेट त्यात मिसळायचा. एक ट्रॅक संकेतात जाई, पण ड्रमचा प्रत्येक आवाज शेवटच्या क्षणापर्यंत बदलता येई. याचा अर्थ असा, की अशा गाण्याचे ड्रम कॅसेटवर नाहीतच, ते मशीनच्या स्मृतीत आहेत. स्मृती गेली, तर जुने गाणे पुन्हा मिसळता येत नाही.

ही स्मृती बहुतेक यंत्रांत एका नाण्याएवढ्या लिथियम सेलवर टिकून असते. सेल अनेक वर्षे चालतो, आणि मग एके दिवशी मशीन चालू केल्यावर पडद्यावर अर्थहीन अक्षरे येतात किंवा सगळे ठेके कोरे दिसतात. काही यंत्रांत हा सेल खाचेत असतो, तर काहींत डाग देऊन पक्का बसवलेला असतो. दुसरा बिघाड बटणांत होतो. झाकण उघडले की रबरी पॅडच्या खालच्या अंगाला काळ्या कार्बनचा पातळ थर दिसतो. पॅड दाबला की हा थर खालच्या पट्टीवरील दोन वाटा जोडतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत त्या पट्टीवर मळकट साका चढतो आणि आघात कधी लागतो, कधी दोनदा लागतो. बऱ्याचदा ही पट्टी योग्य द्रवाने हलकेच पुसली, तर मशीन पूर्ववत चालते, आणि असे मशीन भंगारात काढण्याची घाई मला फार खटकते. तिसरी बाब अडॅप्टरची. बॉस आणि रोलँडच्या लहान यंत्रांच्या ९ व्होल्टच्या पिनेत ऋण टोक आत असते, तर अलेसिसच्या एचआर-१६ आणि एसआर-१६ यांना ९ व्होल्टचा एसी पुरवठा लागतो. पिन बसते म्हणून कोणताही अडॅप्टर लावू नये.

एसआर-१६ चे उदाहरण पुढे न्यावे असे आहे. १९९० च्या सुमारास आलेल्या या यंत्रात २३३ आवाज आणि चार स्वतंत्र आउटपुट होते, आणि ते तीन दशकांनंतरही नवे विकले जात होते. इतका काळ ते टिकले, याचे कारण साधे आहे: संगणक नसलेल्या माणसाला आवाज, ठेका आणि घड्याळ एकत्र देणारा तो स्वस्त डबा होता. संगणकाने मात्र ही गरजच पालटली. स्टाइनबर्गच्या क्युबेसने १९९६ मध्ये संगणकातच ध्वनीवर प्रक्रिया करणारे व्हीएसटी तंत्र आणले, १९९९ पासून त्याच पद्धतीने वाद्येही संगणकात बसू लागली, आणि नंतरच्या दशकात बीएफडी, ईझीड्रमर यांसारख्या ड्रमच्या नमुन्यांच्या संग्रहांनी एकाच ड्रमचे हलक्या-जोरकस आघातांचे अनेक नमुने घरी पोहोचवले. दुसरीकडे जुन्या यंत्रांची नवी रूपेही येत राहिली: रोलँडचे टीआर-८ २०१४ मध्ये, बेहरिंगरचे आरडी-८ २०१९ मध्ये. ज्याला केवळ ८०८ चा रंग हवा आहे, त्याची सोय यात झाली.

आपल्याकडच्या ठेक्यांची सोय मात्र अर्धवट राहिली. १९९१ च्या जनरल मिडी मानकाने कोणत्या क्रमांकाच्या सुरावर कोणता ड्रम वाजावा, हे ठरवून दिले: ३६ वर मोठा ढोल, ३८ वर स्नेअर. त्यामुळे एका यंत्रावरचा ठेका दुसऱ्या यंत्राच्या आवाजात वाजवणे सोपे झाले. या मानकाच्या वाद्ययादीत सतार आणि सनई आहेत, तालवाद्यांत बोंगो, काँगो, अगोगो आणि क्वीकाही आहेत, पण तबला आणि ढोलकी नाहीत. साहजिकच तबल्याचा प्रत्येक संग्रह ‘धा’ आणि ‘ती’ आपापल्या क्रमांकावर ठेवतो, आणि जुन्या मशीनवर बसवलेला दादरा नव्या संग्रहात नेताना एकेक बोल हाताने जुळवावा लागतो. डग्ग्याची अडचण याहून खोल आहे. मनगटाच्या दाबाने ‘गे’चा स्वर वाजत असतानाच वर चढतो, आणि तो घिस्सा एका ठोक्याच्या एका नमुन्यात मावत नाही. सोळा घरांच्या ओळीत तीनताल किंवा केरवा निदान आकड्यांनी तरी बसतो. रूपकाच्या सात मात्रांसाठी आवर्तनाची लांबी बदलता येईल असे यंत्र लागते, आणि ते घेण्यापूर्वी ही एक गोष्ट तपासून पाहावी.

संगणकाकडे जाताना आणखी एक फरक जाणवतो. जुन्या मशीनचा पॅड दाबताक्षणी वाजतो. संगणक ध्वनीचे बारीक अंश (सॅम्पल) आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, गोळा करतो. सेकंदाला ४४,१०० अंशांच्या गतीवर २५६ अंशांचा बफर ठेवला, तर तेवढ्यानेच जवळपास ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो, आणि ध्वनी संगणकात नेणाऱ्या-आणणाऱ्या इंटरफेसचा उशीर त्यात मिळतो. माऊसने ठेका मांडणाऱ्याला याचा त्रास नाही, बोटांनी वाजवणाऱ्याला आहे. अशा माणसाने जुने मशीन केवळ पॅड म्हणून ठेवले आणि आवाज संगणकातून घेतले, तर त्याचा उशीर तसाच राहतो. त्याने आवाज मशीनचाच ऐकावा आणि मिडीचे संदेश तेवढे संगणकात नोंदवावेत.

या सगळ्यात क्रम महत्त्वाचा आहे. मशीन अजून चालू होत असेल, तर सेल काढण्यापूर्वी किंवा कारागिराच्या हाती देण्यापूर्वी त्याची सगळी स्मृती मिडीच्या तारेने संगणकात उतरवून घ्यावी. ही सोय बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती फाइल त्याच जातीच्या मशीनला समजते, म्हणून महत्त्वाची गाणी मशीनवर संगणकाच्या घड्याळाने चालवून त्यांचे ठेके मिडी ट्रॅकवरही नोंदवावेत, म्हणजे ते कोणत्याही आवाजात वाजू शकतील. मग प्रत्येक पॅडचा आवाज हलका, मध्यम आणि जोरकस असा वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि मशीनला जादा आउटपुट असतील, तर मोठा ढोल आणि स्नेअर त्यांतूनच घ्यावेत, म्हणजे बाकीच्या वाद्यांची खरखर त्यांच्या नमुन्यांत शिरत नाही.